वारुळाला टाइल्स

त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी टाइल्सना कान लावत होतो. लेआउटमधल्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या, लोकांना वाटायचं, मी डोकं टेकवतो. शेजारचे निवृत्त मास्तर फाटकातून कौतुकानं बघायचे आणि म्हणायचे, "भाऊची भक्ती वाढून राहिली बरं." मी मान हलवायचो. खोटं बोलायची मला गरजच पडत नव्हती. माझ्या वाट्याचं खोटं मास्तर बोलत होते.

मी पेशानं नकाशे काढणारा. लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यातच माझी वर्षं गेली. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा आम्ही शहराबाहेर बेसाकडे प्लॉट घेतला. तेव्हा तिथं तुरीचं वावर होतं आणि शहर अजून यायचं होतं. माझ्या मागच्या भिंतीला लागून लेआउटची मोकळी जागा आहे. त्या जागेच्या कोपऱ्यात, पूर्वीच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, कमरेएवढं वारूळ होतं. वाळवीनं बांधलेलं आणि वाळवीनंच केव्हातरी सोडून दिलेलं. त्यात नाग राहतो हे मला रजिस्ट्रीच्या दिवशी कळलं.

ज्यांचं वावर होतं त्यांच्या घरची बाई त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसली होती. सह्या नवऱ्यानं केल्या. तिला सहीत रस नव्हता. ती एकेका प्लॉटवाल्याला गाठत होती. माझ्याजवळ आली तेव्हा तिनं आधी मला नीट न्याहाळलं.

"भाऊ, तुमचा प्लॉट त्याच्या अंगाले हाय. मी तुमाले काही मांगत नाई. फक्त त्या वारुळाले धक्का लावू नका."

"नाही लावणार, मावशी."

"असं नाई. शब्द द्या."

दिला. शब्द द्यायला माणसाचं काय जातं? आत जाऊन सही केली आणि विसरलो.

पुढच्या श्रावणात, नागपंचमीला, फाटकाची कडी वाजली. बाहेरून आवाज आला, "मालक हायत का घरी?" मी बनियनवरच बाहेर गेलो आणि म्हटलं, "आहे की. मीच." मावशी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "तुमी नाई गा भाऊ. तो." आणि वारुळाकडे बोट केलं.

साप हा शब्द तिच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. तिच्यासाठी तो मालक. प्लॉट माझ्या नावावर झाला होता, पण तिच्या हिशेबी मी तिथला भाडेकरू होतो. त्यांनी इकडचं वावर विकून भिवापूरकडे घेतलं, तिथं मिरची लावली, मग नवराही गेला. पण दर पंचमीला ती बसनं यायची. पिशवीत लाह्या, फुटाणे, दुधाची लहान बाटली. वारुळाला हळदकुंकू लावायची, भोकापासून हातभर दूर दूध ठेवायची आणि तिथंच बसून माझ्या बायकोशी मिरचीच्या गोष्टी करायची. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, साप दूध पीत नाही."

"मले का मालूम नाई? नाईच पेत तो. पन पाहुन्याले आपन च्या इचारतोच ना?" मग म्हणाली, "आमच्या कोठीतलं धान त्यानं राखलं, भाऊ. आम्ही नाई. एक उंदीर ठेवला नाई त्यानं."

हे सगळं ऐकायला गोड होतं, पण मी सापाला भितो. आत्ताच कबूल करून टाकतो. पाण्याचा पाइप अंगणात वेडावाकडा पडलेला दिसला तरी माझा पाय वर उचलला जातो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते वारूळ दिसायचं आणि वर्षानुवर्षं मी चहा त्या खिडकीकडे पाठ करूनच प्यालो.

मग लेआउट भरलं. उघडी गटारं, रिकाम्या प्लॉटवर फेकलेलं शिळं अन्न, आणि त्यामागून उंदीर. उंदरांमागून तो दिसायला लागला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्याला. आमचीच घाण त्याला आमच्या दारापर्यंत आणत होती, पण तसं कोणी म्हटलं नाही. माझ्या गाडीच्या शेडमध्ये बैठक भरली. निम्मे म्हणत होते जेसीबी बोलवा आणि सपाट करा. निम्मे म्हणत होते देवाचं ठिकाण आहे, निर्वंश होईल. दोन तास साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं.

मधला मार्ग मी काढला. म्हटलं, वारूळ मोडायचंच नाही. उलट मान वाढवू. भोवती चौथरा बांधू, वर टाइल्स लावू, नागोबाची मूर्ती बसवू, छोटी छत्री करू. नकाशा मी देतो. सगळ्यांचे चेहरे उजळले. जेसीबीवाले खूश, देववाले त्याहून खूश. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असं जे म्हणतात ते मी त्या दिवशी अक्षरशः केलं. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. भोळेपणानं झालं असं मी म्हणणार नाही.

काम वैशाखात निघालं. मिस्त्री आत जनावर असताना हात लावायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या माणसांनी वारुळाच्या एका भोकाशी कडुनिंबाचा पाला आणि वाळक्या मिरच्यांची धुरी केली. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून लांब उभे. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तो बाहेर आला. फणा काढून जरा थांबला. मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. गव्हाळ अंग, मानेवर तो दहाचा आकडा. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. तो गटाराच्या कडेनं दिसेनासा झाला. आत कोणाला कोंडलं नाही, हे माझं मोठं समाधान होतं.

मिस्त्रीनं विटांचा थर चढवला. मग वर बघत मला विचारलं, "साहेब, भोक ठेवाचं का एखादं?"

"नको. पाणी जाईल आत."

घराचा नकाशा काढताना आधी दार दाखवायचं आणि मग भिंती, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शेकडो वेळा सांगितलं असेल. पण मिस्त्रीला काय, साहेब म्हणाला नको म्हणजे नको. त्यानं थापी उचलली. पांढऱ्यावर निळ्या फुलांच्या टाइल्स कोणाच्या तरी बाथरूमच्या उरल्या होत्या. त्या लागल्या. काम छान झालं.

दोनेक आठवड्यांनी, दिवेलागणीला, तो परत आला. चौथऱ्याच्या कडेकडेनं फिरला, टाइल्सच्या सांध्यांवरून तोंड फिरवत गेला, एका बाजूला थांबून उभा राहिला, पुन्हा फिरला. दुसऱ्या दिवशीही आला. मग बातमी पसरली की नागोबा दर्शन द्यायला येतात. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या राहायला लागल्या. मोबाइल वर झाले. माझी बायको घरात येऊन म्हणाली, "अहो, पाच प्रदक्षिणा घातल्या त्यानं. मी मोजल्या." तिचे डोळे भरून आले होते. मीही गेलो, हात जोडून उभा राहिलो. बरं वाटलं, पण चैन पडेना. ते फिरणं मला भक्तीचं वाटत नव्हतं. ते कशाचं होतं हे मात्र कळत नव्हतं.

आषाढ सरत आला तेव्हा एके दिवशी तो एका घराच्या पोर्चमध्ये स्कूटरखाली जाऊन बसला. काल ज्यांनी आरती केली, त्यांनीच किंचाळत सर्पमित्राला फोन लावला. चौथऱ्यापाशी देव, पोर्चमध्ये साप. सर्पमित्र पन्नाशीचा माणूस, नोकरीनं लाइनमन. हातात आकडी आणि कापडी पिशवी. त्यानं कुठलाही तमाशा न करता त्याला बाहेर घेतलं आणि शेपटाकडून निरखत म्हणाला, "मादी हाय ही. अंडी घातलेली. पोट पाहा ना कसं बसलं."

लोक आपापल्या घरी गेले. मी त्याला मोटरसायकलपर्यंत सोडायला गेलो. त्याची नजर चौथऱ्यावर होती.

"हे कधी बांधलं?"

"वैशाखात."

तो पिशवीचं तोंड बांधत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नागीन अंडी सोडून जात नाई, भाऊ. ती प्रदक्षिना नव्हती घालून राहिली. दार पाहून राहिली होती."

मी विचारलं, "पिल्लं केव्हा निघतात?"

"पंचमीच्या मागंपुढं. म्हनून तं जुन्या लोकायनं त्या टायमाले खोदनं बंद केलं. फोडा ते, लवकर. मले नका सांगू फोडाले. मी फोडलं तं लोकं मलेच फोडतीन." एवढं बोलून, पिशवी हँडलला अडकवून तो गेला. हिला लांबच्या जंगलात सोडतो म्हणाला.

पंचमीला बारा दिवस होते. बारा दिवस काही कमी नसतात. छिन्नी आणि हातोडा माझ्या घरात होता. अर्ध्या तासाचं काम.

मी ते केलं नाही. का नाही, हे तेव्हापासून स्वतःला विचारतोय. पहिल्या दिवशी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी वाटलं, आधी लेआउटच्या मंडळींना सांगू. मग वाटलं, सांगितलं तर विचारतील भोक का नाही ठेवलं, आणि मिस्त्री काय बोलेल काय सांगता येतं? मग असंही मनात आलं की आत काही नसेलच, तो लाइनमन काय देव लागून गेला. आणि सगळ्याच्या तळाशी ते एकच: भोक पाडलं तर डझनभर नाग माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी बाहेर येतील. छिन्नी उचलायचो, अंगणात जायचो, कोणीतरी फाटकातून हाक मारायचं, छिन्नी परत ठेवायचो. सकाळी उठून टाइल्सना कान लावायचो. काही ऐकू यायचं नाही. ऐकू येत नाही म्हणजे आत काही नाही, अशी समजूत घालून घरात यायचो आणि दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर. ऑफिसात एका घराच्या नकाशात मी संडासाला दार काढायचं विसरलो. साहेब हसला. मला हसू आलं नाही.

"दोन मिनिटं एका जागी बसत नाही तुम्ही," बायको म्हणाली. "झालंय काय?"

"काही नाही," मी खेकसलो. "माणसानं घरात फिरूही नये का?"

तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगून मोकळा झालो असतो. पण खेकसणाऱ्या माणसाला कोण दुसऱ्यांदा विचारतं?

पंचमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, विळीवर काही चिरत नाहीत, मातीत कुदळ घालत नाहीत. बायकोनं कोथिंबीरसुद्धा हातानं तोडली. चौथऱ्यापाशी सकाळपासून बायकांची रांग. बस थांबते त्या कोपऱ्यावर मी जाऊन उभा राहिलो. मावशी बसमधून उतरली की तिला तिथंच गाठायचं आणि काहीतरी सांगून परत पाठवायचं, असा माझा बेत होता. काय सांगणार होतो देव जाणे. ती ऑटोनं दुसऱ्या रस्त्यानं आली. मी धावत पोचलो तेव्हा ती चौथऱ्यासमोर उभी होती आणि एक शेजारीण तिला सांगत होती, "बघा आजी, किती छान केलं. नकाशा भाऊंचाच आहे."

मावशीनं पिशवी खाली ठेवली. टाइल्सवरून तळहात फिरवत ती चौथऱ्याभोवती एकदा पूर्ण फिरली. रांगेतल्या बायकांना वाटलं प्रदक्षिणा घालतेय, त्यांनी वाट दिली. फिरून ती माझ्यासमोर आली.

"दार कोन्या बाजूनं हाय, भाऊ?"

"नाही ठेवलं."

"मंग मालक?"

मी सांगितलं. धुरी, फिरणं, सर्पमित्र, तो काय म्हणाला ते. ती मादी होती हे ऐकून म्हणाली, "म्हंजे इतके वर्स मालकीनच होती का ते." अंडी म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. मिस्त्रीनं काय विचारलं होतं, तेवढं मी गाळलं.

"सब्बल हाय का घरी?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. शेजारीण म्हणाली, "आजी, आज पंचमी आहे. आज खोदत नाहीत."

"मले सांगतं का वं, माय? जलमात आजच्या दिवशी भाजी चिरली नाई म्यां." मावशीचा आवाज चढला नव्हता. "आज खोदत नाई ते कोनासाठी? आतल्या जिवासाठीच ना? अन् तेच आत कोंडले हायत."

सब्बल, म्हणजे पहार, मी आणली. पहिला घाव तिनं घातला. सत्तरीच्या हातात ताकद ती किती. एक निळं फूल तडकलं. तिनं सब्बल माझ्याकडे दिली. मी घाव घालत गेलो. टाइल निघाली, मग सिमेंटचा पापुद्रा, मग वीट. वीट आत ढकलली गेली आणि मागं जुन्या वारुळाची लाल माती दिसली, त्यातलं जुनं भोक दिसलं. आतून गरम, कुबट वास आला. मी दोन पावलं मागं सरलो.

मावशी खाली बसली आणि तिनं हात आत घातला. तिनं आधी खोलातली अंडी काढली, एकमेकांना चिकटलेली, चुरमडलेली. काही नुसतीच वाळून गेली होती. काही चिरलेली होती. मग ती विटांच्या कडेकडेनं बोटांनी चाचपत राहिली आणि एकेक करून मेलेली पिल्लं बाहेर काढली. वीतभर लांबीची, मानेवर तो आकडा आत्ताच उमटलेला. ती पिल्लं अंड्यांजवळ नव्हती. भोकाच्या तोंडाशी, माझ्या विटेला लागून, सगळी तिथं जमली होती. तिनं ती दुधाच्या बाटलीभोवती गुंडाळून आणलेल्या फडक्यावर ओळीनं ठेवली. एकाला बोट लावून पाहिलं.

"अजून मऊ हायत," ती म्हणाली.

म्हणजे काल. फार तर परवा. माझ्याकडे बारा दिवस होते.

एका बाईनं आरतीचं ताट खाली ठेवलं. माझी बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिला आता सगळं समजलं होतं, रोजचं ते कान लावणंसुद्धा. शेवटी मी मावशीच्या बाजूला उकिडवा बसलो. म्हटलं, "मावशी, मिस्त्रीनं विचारलं होतं मला. भोक ठेवायचं का म्हणून. मीच नको म्हटलं. पाण्याचं निमित्त केलं. आणि बारा दिवसांपासून मला माहीत होतं."

तिनं वर पाहिलं नाही. फडक्याची चार टोकं एकत्र घेतली आणि गाठ मारली. चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"मले काहून सांगून राहिले, भाऊ?" ती म्हणाली. "मी का याइची माय हाय? तिले सांगा."

नागिणीला कुठल्या जंगलात सोडलं, हे मी त्या लाइनमनला विचारलंसुद्धा नव्हतं. लांब, एवढं ऐकलं होतं, आणि तेवढ्यानं माझं भागलं होतं.